अधिवेशनातील आसन



एखाद्या संस्थेत सर्वांबरोबर प्रार्थनेला उभे राहण्याचा अधिकार मिळणे आणि त्या संस्थेचा जमाखर्च मांडला जात असता त्यावर मत देण्याचा अधिकार मिळणे, या दोन गोष्टी एकाच वेळी पदरात पडतात अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु इतिहासाचे दफ्तर उघडून पाहिले, तर पहिला अधिकार उदारपणे देणाऱ्यांनीच दुसरा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवल्याचे, आणि ज्यांना तो नाकारला गेला त्यांनी आपल्या वर्गणीतून, रुग्णसेवेतून, सणसमारंभांतून आणि सभांतून कारभाराची विद्या स्वतःच संपादन केल्याचे वारंवार आढळून येते. या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचा पेन्सिल्वेनिया धर्मप्रांत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. एके काळी संपूर्ण पेन्सिल्वेनिया संस्थान या धर्मप्रांतात मोडत असे. १८६५ साली पिट्सबर्गकडील पश्चिम भाग आणि १८७१ साली मध्य भाग वेगळा झाल्यावर आज फिलाडेल्फिया आणि तिच्या आसपासचे बक्स, चेस्टर, डेलावेअर व माँटगोमरी हे जिल्हे एवढाच त्याचा मुलूख उरला आहे. मुलूख लहान असला तरी, नावातच बिशपांचे शासन सांगणाऱ्या एका चर्चने निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती आपला कारभार कसा सोपविला, आणि त्या प्रतिनिधींत कोणाला बसू द्यावयाचे यावर जवळजवळ दोनशे वर्षे वाद कसा चालविला, हे जितके स्पष्टपणे येथे दिसते तितके मला अन्यत्र दिसलेले नाही.

ब्रिटिश अंमलाच्या काळात अमेरिकेतील वसाहतींत इंग्लंडच्या चर्चच्या मंडळ्या होत्या, पाळक होते, उपासनेचे ग्रंथ होते. बिशप मात्र एकही नव्हता. ज्याला दीक्षा घ्यावयाची असेल त्याने अटलांटिक महासागर ओलांडून लंडनला जावे आणि तेथून जिवंत परत यावे, असा शिरस्ता होता. वरून हुकूम करणारा जवळ नसला म्हणजे खालच्यांना कारभार शिकावाच लागतो. पाळकाचा तनखा, इमारतीची डागडुजी, दफनभूमीची व्यवस्था, दरिद्री कुटुंबांची मदत, हे सारे काम प्रत्येक मंडळीची व्हेस्ट्री, म्हणजे निवडून दिलेल्या पंचांचे मंडळ, पाहत असे. फिलाडेल्फियातील क्राइस्ट चर्चची स्थापना १६९५ सालची. तेव्हापासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंतच्या ऐंशी वर्षांत व्यापारी, वकील आणि कारागीर यांच्या अंगी चर्चचा कारभार चालविण्याची जी सवय मुरली, तिचेच पुढे घटनेत रूपांतर झाले असे मी मानतो.

त्या घटनेचे शिल्पकार विल्यम व्हाइट. ते क्राइस्ट चर्चचे रेक्टर, म्हणजे प्रमुख पाळक, आणि काँटिनेंटल काँग्रेसचे पुरोहित होते. राजाशी संबंध तुटल्यामुळे त्याच्या धर्मसत्तेखालील मंडळ्यांचे पुढे काय करावे, हा प्रश्न युद्ध संपण्यापूर्वीच त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि १७८२ साली त्यांनी एक पुस्तिका छापून असे सुचविले की, बिशप मिळेपर्यंत मंडळ्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पाळक आणि सामान्य सभासद यांनी आपले प्रतिनिधी निवडून एकत्र यावे आणि खालून वर अशी व्यवस्था उभारावी. १७८४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जी सभा भरली, तिने याच धोरणावर आपली मूलतत्त्वे मंजूर केली. धर्मनियम पाळक व सामान्य सभासद यांनी मिळून करावेत, हे त्यांतील एक तत्त्व होते. दुसरे तत्त्व मला त्याहूनही दूरदृष्टीचे वाटते: जी कामे पाळकांना आणि व्हेस्ट्रींना आपापल्या मंडळीत सोयीने करता येत नाहीत, तेवढ्यांचाच अधिकार मध्यवर्ती सत्तेकडे सोपवावा. राज्यघटनांची चर्चा करणाऱ्या आपल्या विद्वानांनी या छोट्या धर्मसभेच्या ठरावाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, याची मला खंत वाटते.

या मताला विरोध नव्हता असे नाही. कनेक्टिकटमध्ये १७८३ साली दहा पाळकांनी वुडबरी येथे गुप्तपणे जमून, एकाही सामान्य सभासदाला न विचारता, सॅम्युएल सीबरी यांची बिशपपदासाठी निवड केली. इंग्लंडमध्ये राजनिष्ठेच्या शपथेवाचून दीक्षा मिळेना, तेव्हा १७८४ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे त्यांनी ती घेतली. बिशपाचा न्याय सामान्य सभासदांनी करावा ही कल्पनाच सीबरींना असह्य होती. पुढे १७८६ साली पार्लमेंटने शपथेची अट शिथिल करणारा कायदा केला आणि ४ फेब्रुवारी १७८७ रोजी लँबेथच्या प्रार्थनामंदिरात व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युएल प्रोव्होस्ट यांचा अभिषेक झाला. १७८९ साली साऱ्या देशातील मंडळ्यांच्या सार्वत्रिक अधिवेशनात दोन्ही पक्षांचा तह झाला: बिशपांचे एक सभागृह, आणि पाळक व सामान्य सभासद यांच्या प्रतिनिधींचे दुसरे सभागृह. १८०८ पासून तर दोहोंच्या संमतीवाचून कोणताही नियम होत नाही.

हीच रचना लहान प्रमाणावर धर्मप्रांतात चालते. प्रत्येक मंडळी आपल्या सामान्य सभासदांतून प्रतिनिधी निवडते, पाळक आपल्या हक्काने येतात, वर्षाचे अधिवेशन प्रभुभोजनाच्या उपासनेसह भरते आणि त्यात बिशपांचे निवेदन, अंदाजपत्रक, नियमांतील दुरुस्त्या व निवडणुका होतात. महत्त्वाच्या प्रश्नावर पाळकांची आणि सामान्य सभासदांची मते वेगवेगळी मोजली जातात. एका वर्गाने होकार दिला आणि दुसऱ्याने नकार दिला तर ठराव पडतो. बिशप निवडून येतो तोही याच रीतीने, आणि त्यानंतर साऱ्या चर्चमधील धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांपैकी व अधिकारारूढ बिशपांपैकी बहुसंख्यांची संमती मिळाल्यावाचून त्याचा अभिषेक होत नाही. स्थायी समितीत पाळक आणि सामान्य सभासद दोन्ही असतात. ती बिशपांची सल्लागार असते, अर्पण केलेली वास्तू विकावयाची तर बिशपांबरोबर तिचीही मंजुरी लागते, आणि बिशपांचे पद रिकामे पडले तर धर्मप्रांताची सत्ता तिच्याकडे जाते. ही तपशीलवार माहिती मी मुद्दाम सांगितली, कारण पुढील कथेतील सारे दुःख आणि सारा पराक्रम या तपशिलांतच भरलेला आहे.

त्या कथेचे पहिले नायक ॲबसालोम जोन्स यांचा जन्म १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलामगिरीत झाला. सोळाव्या वर्षी मालकाने त्यांना फिलाडेल्फियात आणले. दिवसा दुकानात राबावे, रात्री शाळेत शिकावे, असा त्यांचा क्रम होता. लग्न झाल्यावर तिची मुले जन्मतः स्वतंत्र व्हावीत म्हणून त्यांनी अगोदर पत्नीची मुक्तता विकत घेतली. स्वतःची मुक्तता त्यांना १७८४ साली, म्हणजे व्हाइट यांनी आपली मूलतत्त्वे मंजूर करून घेतली त्याच वर्षी, मिळाली. १७८७ च्या एप्रिलमध्ये जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. तिचे नियम वाचताना मन भरून येते. प्रत्येक सभासदाने दरमहा चांदीचा एक शिलिंग द्यावा, आणि वर्षभर वर्गणी भरल्यानंतर गरजू सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावेत, विधवांची व पोरक्या मुलांची काळजी घेतली जावी. ज्या माणसांना कालपर्यंत स्वतःच्या देहावर सत्ता नव्हती, ती माणसे आज सामुदायिक निधीचा हिशेब ठेवीत होती.

त्या हिशेबाची कठोर परीक्षा १७९३ साली झाली. पीतज्वराच्या साथीने फिलाडेल्फियातील सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे शहराचा जवळजवळ दहावा हिस्सा, काही महिन्यांत मृत्यू पावली. कृष्णवर्णीयांना हा ज्वर बाधत नाही असा डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता आणि त्यांनी सोसायटीला मदतीची विनंती केली. तो समज खोटा होता. सेवा करणारेही मरत होते. तरी जोन्स, ॲलन आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन शुश्रूषा करीत राहिले, बेवारस प्रेते पुरीत राहिले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने छापून असा आरोप केला की, कृष्णवर्णीय परिचारकांपैकी काहींनी या प्रसंगी पैसा लुबाडला. याला जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली जे उत्तर छापले, त्यात क्रोध आहे, करुणा आहे. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांनी मजकुरात दिलेला जमाखर्च. किती मिळाले, शवपेट्यांना किती गेले, मजुरांना किती दिले, हे सारे मांडून त्यांनी दाखवून दिले की १७७ पौंडांहून अधिक रक्कम त्यांच्याच पदरची गेली होती. आरोपाला हिशेबाने उत्तर देणारी माणसे प्रतिनिधी म्हणून अपात्र ठरविली जावीत, हा पुढचा भाग म्हणूनच अधिक व्यथित करतो.

१७९४ च्याच जुलैमध्ये जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सेंट टॉमस हे प्रार्थनामंदिर उघडले. कोणत्या पंथाशी जोडून घ्यावयाचे यावर मत घेण्यात आले, आणि बहुमताने एपिस्कोपल चर्चचा पक्ष घेतला. ॲलन मेथॉडिस्टच राहिले आणि त्यांनी स्वतंत्र मंडळी उभारली. सेंट टॉमस मंडळीने धर्मप्रांतापुढे तीन अटी ठेवल्या: आम्हाला एक संघटित मंडळी म्हणून स्वीकारावे, आमच्या स्थानिक कारभारावर आमचीच सत्ता राहावी, आणि ॲबसालोम जोन्स यांना वाचक म्हणून परवाना द्यावा व ते पात्र ठरल्यास त्यांना दीक्षा द्यावी. या अटी मान्य झाल्या. बिशप व्हाइट यांनी १७९५ साली जोन्स यांना डीकन केले आणि काही वर्षांनी पूर्ण पाळकपदाची दीक्षा दिली. या चर्चमध्ये ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष. परंतु दीक्षेसाठी लॅटिन व ग्रीक भाषांचे जे ज्ञान लागत असे त्यातून अधिवेशनाने त्यांना सूट दिली ती एका मोबदल्यात: या मंडळीने अधिवेशनात आपला पाळक किंवा प्रतिनिधी पाठवू नये आणि चर्चच्या सामान्य शासनात हस्तक्षेप करू नये.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. व्हाइट हे सज्जन होते, साथीच्या काळात शहर सोडून न जाणाऱ्यांपैकी होते, आणि जोन्स यांच्याविषयी त्यांना आदर होता यात शंका नाही. तरीही ज्यांनी पाळक आणि सामान्य सभासद यांनी मिळूनच नियम करावेत असे दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवले, त्यांच्याच अध्यक्षतेखालील धर्मप्रांताने एका मंडळीला त्या नियमाबाहेर ठेवले. भाषाज्ञानाची सूट ही कृपा म्हणून दिली गेली आणि तिची किंमत म्हणून हक्क काढून घेतला गेला. कृपेच्या दस्तऐवजावर अशी अट लिहिणे हा अन्याय होता. ज्यांना गुलामीमुळे रात्रीच्या शाळेपलीकडे शिक्षण मिळू शकले नाही त्यांच्या अज्ञानाचा दंड त्यांच्या मुलानातवंडांनाही भरावा लागला. सेंट टॉमसच्या प्रतिनिधींना पेन्सिल्वेनियाच्या अधिवेशनात आसन मिळाले ते यादवी युद्धाच्या धामधुमीत, जवळजवळ सत्तर वर्षांनंतर. न्यूयॉर्कमध्ये सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीय मंडळीलाही अनेक वर्षे झगडून १८५३ साली प्रवेश मिळाला.

या सत्तर वर्षांत ती मंडळी काय करीत होती? ती स्वतःचा कारभार करीत होती. तिच्या व्हेस्ट्रीच्या निवडणुका होत, वर्गण्या जमत, शाळा आणि परस्परसाहाय्याच्या संस्था चालत. १७९९ च्या डिसेंबरात जोन्स यांनी व फिलाडेल्फियातील इतर स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिकांनी गुलामांचा व्यापार आणि पळून गेलेल्यांना पकडून देण्याचा कायदा यांविरुद्ध काँग्रेसकडे अर्ज केला. त्याला दाद मिळाली नाही, पण अर्ज कसा करावा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १ जानेवारी १८०८ रोजी, परदेशातून गुलाम आणण्याच्या व्यापारावर कायद्याने बंदी आली त्या दिवशी, जोन्स यांनी सेंट टॉमसमध्ये उपकारस्तुतीचे प्रवचन केले आणि हा दिवस दरवर्षी सार्वजनिकरीत्या पाळला जावा असे सुचविले. सभेत आसन नव्हते, म्हणून त्यांनी पंचांगात आपला दिवस मिळविला. १३ फेब्रुवारी १८१८ रोजी ते निवर्तले; आज एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात तीच तिथी त्यांच्या नावे आहे आणि पेन्सिल्वेनिया धर्मप्रांत दर फेब्रुवारीत मोठ्या उपासनेने व भोजनाने तिचा उत्सव करतो. त्या दिवशी जमणाऱ्यांत ज्या मंडळ्यांचा परस्परांशी वर्षभर फारसा व्यवहार नसतो त्याही येतात, आणि अंदाजपत्रकावर ज्यांच्याशी उद्या मतभेद व्हावयाचा त्यांच्या शेजारी बसून जेवतात. अशा उत्सवाला कारभाराची शोभा समजून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते. अधिवेशनात एकमेकांवर जो विश्वास खर्च होतो, तो येथे जमा होतो.

स्त्रियांचा इतिहासही याच वळणाचा आहे. १८७१ साली विमेन्स ऑग्झिलरी ही साहाय्यक संस्था स्थापन झाली आणि ज्युलिया चेस्टर एमरी यांनी १८७६ पासून चाळीस वर्षे तिचे चिटणीसपद सांभाळले. गावोगावच्या मंडळ्यांत शाखा, दर तीन वर्षांनी सार्वत्रिक अधिवेशनाच्या वेळीच स्वतःची परिषद, आणि १८८९ पासून साऱ्या देशातील स्त्रियांची एकत्रित अर्पणे, इतका विस्तृत कारभार या स्त्रिया चालवीत होत्या. पहिल्या अर्पणातून अलास्कातील एक प्रार्थनामंदिर आणि जपानकडे एक धर्मसेविका यांची तरतूद झाली. जिने पैसा उभा केला, जिने पदार्थ शिजविले, जिने रुग्णांची यादी ठेवली, तिला प्रतिनिधींच्या सभागृहात मात्र जागा नव्हती. १९४६ साली सार्वत्रिक अधिवेशन फिलाडेल्फियातच भरले असता मिसूरीच्या एलिझाबेथ डायर यांना प्रतिनिधी म्हणून आसन मिळाले. १९४९ साली निवडून आलेल्या चार स्त्रियांना ते नाकारण्यात आले. आणि १९७० साली, ह्यूस्टनच्या अधिवेशनात, एकदाचे ते दार उघडले.

या ठिकाणी आपल्या महाराष्ट्राचा एक धागा अगदी सहज येऊन मिळतो. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा इंग्रजी ग्रंथ त्याच शहरात प्रसिद्ध झाला. त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन आलेल्या होत्या, आणि त्याच चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचा खटका उडालेला होता: चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे या सूचनेला मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली होती. अमेरिकेत त्यांना जे दिसले ते त्यांनी १८८९ च्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात लिहून ठेवले, आणि त्यात स्त्रियांच्या मंडळांचे, त्यांच्या सभांचे व कार्यपद्धतीचे वर्णन ज्या आस्थेने आले आहे, ती आस्था वरून आलेला हुकूम सोसलेल्या व्यक्तीची आहे असे मला वाटते. बोस्टनमध्ये त्यांच्या शाळेसाठी जी असोसिएशन स्थापन झाली तिच्या उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स होते. ते पूर्वी फिलाडेल्फियात रेक्टर होते आणि पुढे १८९१ साली मॅसेच्युसेट्सचे बिशप झाले. देणगीदारांचे मंडळ, त्याचे पदाधिकारी, त्याचे वार्षिक अहवाल, या साऱ्या यंत्रणेच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांची ती शाळा, शारदा सदन, उघडली.

आता एका अवघड प्रसंगाकडे वळतो. उत्तर फिलाडेल्फियातील चर्च ऑफ द ॲडव्होकेट ही कृष्णवर्णीय वस्तीतील मंडळी. पॉल वॉशिंग्टन १९६२ पासून तिचे रेक्टर. २९ जुलै १९७४ रोजी तेथे तीन निवृत्त अथवा पदमुक्त बिशपांनी अकरा स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. त्या बिशपांपैकी रॉबर्ट डेविट हे या धर्मप्रांताचे पूर्वीचे बिशप होते. प्रवचन चार्ल्स विली यांचे झाले; ते सामान्य सभासद, कृष्णवर्णीय आणि प्रतिनिधींच्या सभागृहाचे उपाध्यक्ष. सार्वत्रिक अधिवेशनाची अनुज्ञा नव्हती, आणि लगेचच ऑगस्टमध्ये बिशपांनी ती दीक्षा अवैध ठरविली. विली यांनी निषेध म्हणून आपल्या पदाचा राजीनामा दिला. नियमांचा आदर करणाऱ्या माणसाने याविषयी काय म्हणावे? मी याचे समर्थन करतो, आणि त्याचे कारण स्पष्टपणे सांगतो. नियम बदलण्याचा सनदशीर मार्ग ज्या सभेतून जातो त्या सभेने नुकतेच १९७० आणि १९७३ साली हा प्रश्न फेटाळला होता. आणि ज्या वर्गाचा निकाल होत होता त्यालाच पिढ्यान्‌पिढ्या त्या सभेबाहेर ठेवलेले होते. तरीही हेही सांगितले पाहिजे की, त्या अकराजणींनी आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी अधिवेशनाकडे पाठ फिरविली नाही. १९७६ साली मिनियापोलिस येथे दोन्ही सभागृहांनी स्त्रियांच्या दीक्षेला मंजुरी दिली तेव्हा प्रतिनिधींच्या सभागृहातील मते त्याच जुन्या पद्धतीने, वर्गवार, मोजली गेली.

त्या जुलैच्या दिवशी मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस घेऊन चालणारी स्त्री त्याच मंडळीची वॉर्डन, म्हणजे व्हेस्ट्रीतील प्रमुख, होती. बार्बरा हॅरिस या फिलाडेल्फियातच जन्मलेल्या, एका तेल कंपनीत जनसंपर्काचे काम केलेल्या, आणि व्हेस्ट्रीतल्या कामातून घडलेल्या. १९८० साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. २४ सप्टेंबर १९८८ रोजी मॅसेच्युसेट्स धर्मप्रांताच्या अधिवेशनाने, ब्रुक्स यांच्याच त्या धर्मप्रांताने, आठव्या मतदानात त्यांना साहाय्यक बिशप म्हणून निवडले. यापूर्वी साऱ्या अँग्लिकन जगात एकही स्त्री बिशप झालेली नव्हती. आक्षेप घेणाऱ्यांनी, त्यांच्याजवळ धर्मशास्त्राच्या विद्यालयाची पदवी नाही, हा मुद्दा पुढे केला. जोन्स यांच्या वेळी ग्रीक व लॅटिन होते, या वेळी पदवी होती. परंतु या वेळी सूट देऊन हक्क काढून घेण्याचा सौदा कोणालाही करता येणार नव्हता, कारण निकाल कोणा एका वरिष्ठाच्या कृपेवर अवलंबून नव्हता: देशभरच्या स्थायी समित्यांत पाळक आणि सामान्य सभासद, कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय, पुरुष आणि स्त्रिया बसून एकेक मत देत होते. पुरेशा समित्यांची संमती आली, बिशपांचीही आली. ११ फेब्रुवारी १९८९ रोजी बोस्टनमधील एका विशाल सभागृहात सुमारे आठ हजार लोकांसमक्ष त्यांचा अभिषेक झाला, आणि २००२ साली निवृत्त होईपर्यंत त्या आपले काम करीत राहिल्या. बिशपांच्या सभागृहात आता त्यांना आसन होते, आवाज होता आणि मतही होते.